टाकून दिलेला स्फटिक : जर्मेनियम, सिलिकॉन आणि गॅलियम नायट्राइडची कहाणी

१/ मे १९५४. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन शहरात रेडिओ अभियंत्यांची परिषद भरली होती. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात यायला अजून काही वर्षे लागतील, असा सूर अनेक वक्त्यांनी लावला होता. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे गॉर्डन टील बोलायला उभे राहिले. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर ते खिशात घालूनच आले होते.

२/ टील यांनी एक रेकॉर्ड प्लेअर सुरू केला. त्याला जोडलेला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवताच संगीत बंद पडले. त्याच्या जागी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जोडून तोही त्याच तेलात बुडवला. या वेळी संगीत सुरूच राहिले. पुढच्या सत्तर वर्षांची दिशा त्या तेलाच्या भांड्यात दिसली होती.

३/ आज 'चिप' म्हटले की सिलिकॉनच डोळ्यांसमोर येतो. १९५४ साली मात्र सिलिकॉन हाच 'पर्यायी' पदार्थ होता. राज्य जर्मेनियमचे होते. सिलिकॉनने ते कसे मिळवले, आणि सिलिकॉनला जे कधीच साधले नाही ते जवळजवळ साऱ्या जगाने सोडून दिलेल्या एका पदार्थाने कसे साधले, याचा हा थ्रेड.

४/ प्रथम थोडे पदार्थविज्ञान. तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. अर्धवाहक या दोहोंच्या मधला. त्यातील इलेक्ट्रॉन अणूंशी बांधलेले असतात आणि सुटण्यासाठी त्यांना ठरावीक ऊर्जा लागते. या ऊर्जेला 'बँड गॅप' म्हणतात आणि ती इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. जर्मेनियमची सुमारे ०.६७, सिलिकॉनची १.१२, गॅलियम नायट्राइडची ३.४. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. पुढचा बराच इतिहास त्यांच्यातच दडला आहे.

५/ अर्धवाहकांच्या वापराची कथा ट्रान्झिस्टरच्या खूप आधी सुरू होते, आणि तिचे एक पान कोलकात्याचे आहे. जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी टिपण्यासाठी गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. १९०१ साली अर्ज केलेले त्यांचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मंजूर झाले. अर्धवाहक उपकरणाच्या सर्वांत जुन्या पेटंटांपैकी ते एक होय.

६/ १९०७ साली मार्कोनी कंपनीचे अभियंता हेन्री राउंड यांनी 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड' या नियतकालिकाला एक छोटे पत्र पाठवले. कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकाला सुमारे १० व्होल्ट दाब दिला असता पिवळसर प्रकाश दिसतो, असे त्यात नोंदवले होते. तार नाही, ज्योत नाही. थंड दगडातून प्रकाश! पत्र छापले गेले आणि विस्मृतीत गेले.

७/ १९२०च्या दशकात रशियातील ओलेग लोसेव यांनी हाच प्रकाश स्वतंत्रपणे पाहिला आणि वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास केला. हा तापलेल्या वस्तूचा प्रकाश नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात, वयाच्या ३८व्या वर्षी, उपासमारीने त्यांचा अंत झाला. सिलिकॉन कार्बाइडची गाठ या कथेत शेवटी पुन्हा पडणार आहे.

८/ डिसेंबर १९४७. न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला. तो जर्मेनियमचा होता, आणि त्याला व्यावहारिक कारण होते. जर्मेनियम ९३८ अंश सेल्सिअसला वितळतो, सिलिकॉन १,४१४ अंशांना. इतक्या उष्णतेत वितळलेला सिलिकॉन ज्या मुशीत ठेवावा तिच्यातलीच अशुद्धी ओढून घेतो. शुद्ध जर्मेनियम मिळवणे त्या मानाने सोपे होते.

९/ पण जर्मेनियमचा बँड गॅप लहान. थोडी उष्णता मिळाली तरी इलेक्ट्रॉन आपोआप सुटू लागतात आणि ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही वीज गळत राहते. टील यांच्या तेलाच्या भांड्यात घडले ते हेच. लष्कराला आणि विमानांना असा नाजूक पदार्थ चालणार नव्हता. सिलिकॉनचा गॅप मोठा, म्हणून तो तग धरून राहिला.

१०/ सिलिकॉनचे दुसरे बळ त्याच्या गंजात होते! सिलिकॉन तापवला की त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे काचेसारखा, घट्ट संरक्षक थर बसतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. १९५९ साली फेअरचाइल्ड कंपनीत ज्याँ होर्नी यांनी याच थराच्या आधारे सपाट ट्रान्झिस्टर घडवण्याची रीत बसवली. एकात्मिक परिपथ, म्हणजेच आजची चिप, त्या रीतीवर उभी राहिली.

११/ तरीही सिलिकॉनमध्ये एक उणीव होती आणि ती कोणत्याही कारागिरीने भरून निघणारी नव्हती. सुटलेला इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी येतो तेव्हा मिळालेली ऊर्जा परत करतो. काही स्फटिकांत ती प्रकाश होऊन बाहेर पडते. सिलिकॉनच्या अंतर्गत रचनेत मात्र तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन जिरतो. सिलिकॉन गणित करू शकतो, दिवा होऊ शकत नाही.

१२/ दिव्यासाठी वेगळे पदार्थ शोधावे लागले. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडपासून डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. पुढे हिरवाही आला. निळा मात्र येईना. आणि लाल, हिरवा व निळा हे तिन्ही असल्याशिवाय पांढरा प्रकाश तयार होत नाही. घर उजळवायचे असेल तर निळा हवाच.

१३/ निळ्या प्रकाशाच्या कणात लाल कणापेक्षा जास्त ऊर्जा असते, म्हणून त्यासाठी बँड गॅपही मोठा लागतो. तीन उमेदवार होते. सिलिकॉन कार्बाइड चमके, पण सिलिकॉनसारख्याच दोषामुळे अगदी मंद. झिंक सेलेनाइड बनवायला सोयीचा. तिसरा गॅलियम नायट्राइड : कणखर, उष्णतेला दाद न देणारा, आणि स्फटिकरूपात वाढवायला महाकठीण.

१४/ यातल्या गॅलियमचा जन्मही नाट्यमय आहे. १८७१ साली मेंडेलीव यांनी आवर्तसारणीतील रिकाम्या जागा पाहून न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्तवले. त्यांतले 'एका-ॲल्युमिनियम' १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियमच्या रूपाने सापडले, तर 'एका-सिलिकॉन' १८८६ साली जर्मनीत क्लेमेन्स विंकलर यांना जर्मेनियमच्या रूपाने. ट्रान्झिस्टरचा पहिला पदार्थ आणि निळ्या प्रकाशाचा पदार्थ एकाच भाकितात शेजारी होते.

१५/ १९६८. न्यू जर्सीतील आरसीए कंपनीला भिंतीवर टांगता येईल असा सपाट टीव्ही हवा होता. लाल आणि हिरवा एलईडी होता, निळा नव्हता. जेम्स टीत्जेन यांनी हे काम हर्बर्ट मारुस्का या तरुण सहकाऱ्याकडे सोपवले. १९६९ साली मारुस्कांनी नीलमाच्या चकतीवर गॅलियम नायट्राइडचा पहिला एकस्फटिकी थर वाढवून दाखवला.

१६/ १९७१ साली आरसीएमध्येच जॅक पँकोव्ह आणि सहकाऱ्यांनी या पदार्थातून विजेच्या साहाय्याने प्रकाश काढला. १९७२ साली मारुस्कांनी, तेव्हा ते स्टॅनफर्ड विद्यापीठात होते, त्यात मॅग्नेशियम मिसळून जांभळट निळा प्रकाश मिळवला. पण तो फार क्षीण होता, कारण खऱ्या एलईडीची रचना त्यात साधलीच नव्हती.

१७/ खऱ्या एलईडीला एकाच स्फटिकाचे दोन शेजारी भाग लागतात. एका भागात जास्तीचे इलेक्ट्रॉन, हा एन-टाइप. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, हा पी-टाइप. सीमेवर इलेक्ट्रॉन आणि होल भेटतात व प्रकाश होतो. गॅलियम नायट्राइड काहीही न करता एन-टाइप बनत असे. पी-टाइप मात्र काही केल्या होईना.

१८/ दुसरी अडचण स्फटिकाची. गॅलियम नायट्राइडची स्वतःची चकती मिळत नव्हती, म्हणून तो नीलमावर वाढवावा लागे. दोघांच्या अणूंमधील अंतरांत सुमारे १६ टक्क्यांची तफावत. वेगळ्या मापाच्या विटांवर दुसऱ्या मापाच्या विटा रचल्या तर भिंतीला तडे जाणारच. थर खडबडीत येत आणि त्यांत दोषांची दाटी असे.

१९/ १९७४ साली आरसीएने हे काम बंद केले. इतर प्रयोगशाळाही हळूहळू बाहेर पडल्या. पी-टाइप गॅलियम नायट्राइड निसर्गतःच अशक्य आहे, असे मत रूढ होत गेले. संशोधनाचा पैसा आणि तरुण मनुष्यबळ झिंक सेलेनाइडकडे वळले. गॅलियम नायट्राइड ज्यांनी धरून ठेवला त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

२०/ त्यांपैकी एक होते इसामु आकासाकी. जन्म १९२९, कागोशिमा प्रांत. १९७३ साली मात्सुशिता कंपनीच्या संशोधन संस्थेत त्यांनी या पदार्थावर काम सुरू केले, म्हणजे इतर लोक सोडून जात होते नेमके तेव्हा. जुन्या ओबडधोबड थरांतही कुठे कुठे लहानसे स्वच्छ स्फटिक चमकताना त्यांना दिसत. एक कण चांगला निघत असेल तर सबंध थरही निघू शकेल, असा त्यांचा विश्वास होता. १९८१ साली ते नागोया विद्यापीठात आले.

२१/ १९८२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत हिरोशी अमानो हा विद्यार्थी दाखल झाला. पैसा बेताचा होता. वायूपासून स्फटिक वाढवण्याची भट्टी विद्यार्थ्यांनीच जुळवली. अमानो नीलमावर थर वाढवत, तो खराब येई, पुन्हा वाढवत. दोन-तीन वर्षे हाच क्रम. सुटीच्या दिवसांतही भट्टी थंड पडत नसे.

२२/ १९८५च्या सुरुवातीला एके दिवशी जुनी भट्टी रुसली. हजार अंशांच्या वरचे नेहमीचे तापमान ती गाठेना. अमानोंनी त्या कमी तापमानातच नीलमावर ॲल्युमिनियम नायट्राइडचा अगदी पातळ थर दिला आणि भट्टी सावरल्यावर त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवला. बाहेर काढलेला नमुना इतका नितळ होता की गॅलियमचा वायू सोडायलाच विसरलो की काय, अशी शंका त्यांना आली.

२३/ विसरले नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली गॅलियम नायट्राइडचा सपाट, पारदर्शक थर दिसला. कमी तापमानाचा तो मधला थर विस्कळीत होता आणि तेच उपयोगी पडले. नीलम आणि गॅलियम नायट्राइड यांच्या मापांतला ताण त्याने गादीसारखा शोषून घेतला. १९८६ साली हे काम प्रसिद्ध झाले. पहिला अडसर दूर झाला.

२४/ राहिला पी-टाइप. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जस्त मिसळलेला नमुना पाहत असता त्याची चमक वाढत जाते, हे अमानोंच्या ध्यानात आले. पुढे मॅग्नेशियम मिसळलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवला, आणि १९८९ साली 'अशक्य' मानलेला पी-टाइप गॅलियम नायट्राइड आकासाकी-अमानो यांच्या हाती आला. झोताने नेमके काय केले, हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

२५/ ते कोडे सोडवणारा माणूस विद्यापीठात नव्हता. शिकोकू बेटावरील अनान या लहान शहरात निचिया नावाची कंपनी होती. ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या पडद्यांसाठी लागणारी चमकणारी भुकटी ती बनवत असे. शुजी नाकामुरा १९७९ साली तिथे नोकरीला लागले. त्यांनी दहा वर्षांत बनवलेले अर्धवाहक पदार्थ बाजारात फारसे चालले नाहीत; मोठ्या कंपन्या तिथे आधीच पाय रोवून होत्या.

२६/ १९८८ साली नाकामुरांनी थेट संस्थापक नोबुओ ओगावा यांच्याकडे निळ्या एलईडीसाठी परवानगी मागितली, आणि ओगावांनी ती पैशासह दिली. नवे तंत्र शिकायला ते वर्षभर अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात गेले. तिथे डॉक्टरेट नसल्याची बोच लागली. परतल्यावर त्यांनी गॅलियम नायट्राइड निवडला. त्यामागचे एक कारण त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले : या पदार्थावर फारसे कोणी लिहीत नव्हते, म्हणून डॉक्टरेटपुरते शोधनिबंध प्रसिद्ध करणे सोपे जाईल!

२७/ विकत आणलेल्या यंत्रातून चांगला थर निघेना. हजार अंशांच्या चकतीवरून तापलेला वायू वर उसळे आणि चकतीवर टिकत नसे. सुमारे दीड वर्ष नाकामुरा सकाळी यंत्राच्या नळ्या बदलत आणि दुपारी स्फटिक वाढवून पाहत. अखेर १९९० साली त्यांनी दोन झोतांची युक्ती साधली. एक झोत आडवा, घटक वायूंचा; दुसरा वरून, त्या वायूंना चकतीवर दाबून धरणारा.

२८/ १९९२ साली त्यांनी पी-टाइपचे रहस्यही उलगडले. स्फटिक वाढवताना अमोनियातून सुटणारा हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून बसतो आणि त्याचे काम बंद पाडतो. इलेक्ट्रॉनांचा झोत हाच हायड्रोजन हुसकावत होता. त्यासाठी झोताचीही गरज नव्हती. नायट्रोजनच्या वातावरणात नमुना नुसता तापवला तरी पुरे होते. कारखान्यात हजारो चकत्या एकदम तापवता येतात.

२९/ आता मागे वळून १९७२ पाहावे. मारुस्कांनी तेव्हा मॅग्नेशियमच वापरला होता. मूलद्रव्य बरोबर होते, पदार्थ बरोबर होता. आड आला होता न दिसणारा हायड्रोजन. ज्याला निसर्गाचा नियम समजून जगाने पाठ फिरवली, ती प्रत्यक्षात भट्टीतल्या वायूची एक खोड होती. हे उमगायला वीस वर्षे गेली.

३०/ १९९२ मध्येही जगाचा कल बदलला नव्हता. त्या वर्षीच्या जपानमधील उपयोजित भौतिकशास्त्राच्या परिषदेची आठवण नाकामुरांनी पुढे सांगितली आहे. झिंक सेलेनाइडच्या सत्राला सुमारे ५०० श्रोते होते, गॅलियम नायट्राइडच्या सत्राला दहाही नव्हते. त्या मूठभर लोकांत आकासाकी, अमानो आणि स्वतः नाकामुरा होते.

३१/ झिंक सेलेनाइडच्या बाजूने तर्क भक्कम होता. त्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये हजारभरच दोष. गॅलियम नायट्राइडमध्ये शंभर कोटींच्या घरात! इतका सदोष स्फटिक चमकणारच नाही, असे पुस्तक सांगत होते. तो मात्र चमकत होता आणि टिकतही होता. उलट झिंक सेलेनाइडची उपकरणे चालू असतानाच झिजत गेली.

३२/ नोव्हेंबर १९९३. निचियाने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. त्यात प्रकाश देणारा थर इंडियम मिसळलेल्या गॅलियम नायट्राइडचा होता. तोवर बाजारात असलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या निळ्या दिव्यापेक्षा तो सुमारे शंभरपट तेजस्वी होता. अनानसारख्या आडबाजूच्या गावातल्या कंपनीने जगातील बलाढ्य प्रयोगशाळांना मागे टाकले होते.

३३/ १९९६ साली निचियाने निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा दिवा बाजारात आणला. भुकटीचे जुने कसब असे कामी आले. साधा तारेचा बल्ब एका वॅटमध्ये सुमारे १६ ल्युमेन प्रकाश देई, ट्यूबलाइट सुमारे ७०. २०१४ पर्यंत एलईडीचा विक्रम ३०० ल्युमेनपर्यंत पोचला होता. जगातील सुमारे एक चतुर्थांश वीज तेव्हा प्रकाशासाठी खर्च होत होती.

३४/ भारताच्या घराघरांत हा स्फटिक 'उजाला' योजनेने पोचला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. घाऊक खरेदीचा भाव २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला. वाडीवस्तीवरच्या ओसरीत लावलेल्या नऊ वॅटच्या बल्बमध्येही नागोया आणि अनान इथली ती पातळ थरांची कारागिरी आहे.

३५/ आणि श्रेय? निचियाने दोन झोतांच्या पेटंटसाठी नाकामुरांना बक्षीस दिले होते २०,००० येन. १९९९ साली कंपनी सोडून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत गेले, आणि २००१ साली न्यायालयात. जानेवारी २००४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांना २,००० कोटी येन देण्याचा आदेश दिला. प्रकरण अपिलात गेले आणि जानेवारी २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली.

३६/ कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. जोखमीचा पैसा ओगावांनी घातला होता आणि त्या दिव्यामागे इतर अनेक अभियंत्यांचे श्रम होते. पण या खटल्याने जपानभर एक प्रश्न जागा झाला : नोकरीत असताना लावलेला शोध कोणाचा? संशोधकाचा वाटा किती? जपानमध्ये पेटंट कायद्यातील यासंबंधीच्या तरतुदीही पुढे बदलल्या गेल्या.

३७/ ७ ऑक्टोबर २०१४ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना जाहीर झाले. नोबेल तिघांपलीकडे विभागले जात नाही. लाल एलईडीचे होलोन्याक त्यात नव्हते. पहिला एकस्फटिकी थर वाढवणारे मारुस्का आणि त्यातून प्रकाश काढणारे पँकोव्हही नव्हते. राउंड आणि लोसेव तर केव्हाच काळाआड गेले होते.

३८/ दिव्यानंतर हा पदार्थ सिलिकॉनच्या स्वतःच्या अंगणात उतरला. १९९३ साली आसिफ खान आणि सहकाऱ्यांनी गॅलियम नायट्राइडचा वेगवान ट्रान्झिस्टर दाखवला. सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युतक्षेत्र तो सोसतो, म्हणून तो पातळ ठेवता येतो आणि झपाट्याने चालू-बंद होताना कमी तापतो. लॅपटॉपचा विटेएवढा चार्जर मुठीत मावेल एवढा झाला तो याचमुळे.

३९/ राउंड यांचा सिलिकॉन कार्बाइडही परतला. दिवा म्हणून तो मंद ठरला, पण त्याचा बँड गॅप मोठा आहे, तो उच्च दाब सोसतो आणि उष्णता चटकन बाहेर टाकतो. टेस्लाच्या 'मॉडेल ३' या मोटारीत बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागात त्याचेच ट्रान्झिस्टर बसवले गेले. १९०७ सालचा चमकणारा दगड शंभर वर्षांनी गाडी ओढू लागला.

४०/ १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियम या दोहोंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. मेंडेलीव यांनी १८७१ साली वर्तवलेली हीच ती दोन मूलद्रव्ये. गॅलियमची स्वतंत्र खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना तो थोडा थोडा हाती येतो. त्याच्या जागतिक उत्पादनाचा बहुतांश भाग चीनमध्ये होतो. एकेकाळी नको असलेल्या पदार्थासाठी आता राष्ट्रे दक्ष झाली आहेत.

४१/ मग सिलिकॉनचे राज्य संपले का? नाही. प्रोसेसर आणि मेमरी आजही सिलिकॉनचीच, आणि गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टरही बहुधा स्वस्त सिलिकॉन चकतीवरच वाढवले जातात. कारण तेच जुने आहे : गॅलियम नायट्राइडचा पी-टाइप साध्य झाला, पण तो अजून दुबळाच आहे. प्रोसेसरला एन आणि पी दोन्ही प्रकार तुल्यबळ लागतात.

४२/ आज प्रयोगशाळांत गॅलियम ऑक्साइड हा नवा उमेदवार आहे. त्याचा बँड गॅप सुमारे ४.८. त्याच्याविषयीही 'उपयोगी पी-टाइप होत नाही' हेच म्हटले जाते. या वेळी त्यामागचा सैद्धांतिक आधार अधिक भक्कम आहे : होल या स्फटिकात जागच्या जागीच अडकून पडतात. प्रत्येक 'अशक्य' खोटे ठरतेच असे नाही.

४३/ पण निर्णय करताना काय तपासावे, हे १९७२ आणि १९९२ या दोन सालांमधला इतिहास दाखवतो. पदार्थ खरोखर नकार देतो आहे, की भट्टीतला एखादा न दिसणारा वायू? मारुस्कांची भट्टी बंद झाली तेव्हा हा प्रश्न सुटलेला नव्हता. तो अर्ध्यावर सोडला गेला होता. नागोया आणि अनानमध्ये तो पुन्हा विचारला गेला, आणि म्हणून आज रात्री खोलीत दिवा लागतो.

थ्रेड समाप्त.